उभी गाडी आणि वाटेतला माल



या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरी ऐकली, आकाशातले तारे ऐकले, राज्यघटना ऐकली. त्या मालिकेत मोटारीचा जुना गिअरबॉक्स कोठून आला, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडला असेल. मी मोटारीचा इंजिनिअर नव्हे आणि वकील तर नव्हेच. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून, आणि उरलेले चालक सभासदांचे अर्ज लिहून देता देता. गेली पाच-सहा वर्षे माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत पगाराची आणि बडतर्फीची तक्रार तर असतेच; पण तिच्या जोडीला एक नवीच तक्रार येऊ लागली आहे. “भाऊ, मोबाईलवरून गाडीचा पार्ट मागवला, पैसे गेले, पार्ट आला नाही, गाडी उभी आहे.”

यातले शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. ज्यांच्या घरी मोटार ही सोय आहे त्यांना भाग आठ दिवस उशिरा आला तर आठ दिवस रिक्षा करावी लागते. ज्याच्या घरी मोटार हीच चूल आहे त्याची चूल आठ दिवस थंड राहते, आणि कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. म्हणून आज मी हा विषय त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूने मांडणार आहे. पहिल्यालाही त्याचा उपयोग होईलच.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमचा एक सभासद टॅव्हेरा चालवितो. लग्नसराईत वऱ्हाडे नेणे, एरवी चंद्रपूर, भंडारा, रामटेक. गाडीचा गिअरबॉक्स गेला. मिस्त्रीने उघडून पाहिला आणि सांगितले, “यात आता पैसा घालू नका, दुसरा बसवा.” नवा मिळेना. मग पोराने मोबाईलवर शोधला. उत्तरेतल्या एका शहरातल्या विक्रेत्याने फोटो पाठविला, २२,००० रुपये सांगितले, आठ दिवसांत नागपूर पोच म्हणाला. पैसे सगळे आगाऊ गेले. आठ दिवस गेले, बारा गेले, पंधरा गेले. या गोष्टीचा शेवट मी पुढे सांगतो; तोवर हा व्यवहार मुळात चालतो कसा ते पाहू.

जुना भाग माणूस का घेतो? स्वस्त म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. अनेकदा नवा भाग मिळतच नाही म्हणून घेतो. शेवरोले नावाने गाड्या विकणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबविली. टॅव्हेरा तयार करणारा गुजरातमधला हालोलचा कारखाना त्याच वर्षी बंद झाला. पुण्याजवळ तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. तिथल्या हजारावर कामगारांनी आपल्या नोकरीसाठी पुढे दीर्घ लढा दिला. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. कंपनी निघून जाते तेव्हा सुटे भाग पुरवीत राहू असे सांगून जाते. पण तालुक्याच्या गॅरेजपर्यंत तो पुरवठा वर्षागणिक पातळ होत जातो. गाडी बनविणारा कामगार आणि गाडी चालविणारा चालक या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नसते. मालक गेल्यावर दोघेही एकाच रस्त्यावर येतात, एवढे मात्र मी माझ्या धंद्याच्या सवयीने येथे नोंदवून ठेवतो.

आणि ही गोष्ट काही आजची नाही. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचेच पाहा. ती गाडी कुर्ल्याला तयार होई. उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षे झाली. तरी नोंदणीतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी. मधली सारी वर्षे ती कशावर चालली? मिस्त्रीच्या हातावर आणि दुसऱ्या पद्मिनीतून काढलेल्या भागांवर. एक गाडी मरते आणि चार गाड्या जगविते. हिंगण्याला आपल्या एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. जुने पुन्हा उभे करून चालविणे हा गरिबीचा ओंगळ प्रकार नसून ती एक कसबाची विद्या आहे, हे तिथल्या कामगाराला विचारा.

पूर्वी हा व्यवहार समोरासमोर होई. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार. माणूस बिघडलेला भाग पिशवीत घालून जाई, दुकानदाराच्या ढिगातल्या भागाशी तो पडताळून पाही, दाते मोजी, घासाघीस करी आणि खांद्यावर घेऊन येई. त्यात फसवणूक नव्हती असे नाही. पण उशीर नव्हता. पैसे दिले त्या क्षणी माल हातात असे. मोबाईलने ढीग घरी आणला, परंतु पैसे देण्याची वेळ आणि माल हाती येण्याची वेळ यांत अंतर पाडले. आपला सगळा विषय त्या अंतरात आहे.

आता त्या अंतरात काय घडते? सामान्य समजूत अशी की माल रस्त्यात आहे म्हणून उशीर होतो. हे खरे नाही. माल चालता असतो तेव्हा उशीर क्वचितच होतो. माल उभा असतो तेव्हा उशीर होतो. नागपूरचेच पाहा. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि गुजरातेतून ओडिशाकडे जाणारा महामार्ग ५३ आपल्या गावात एकमेकांना भेटतात. शून्य मैलाचा दगड आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवितो. मुंबईकडे समृद्धी महामार्ग आहे, ७०१ किलोमीटर. त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. देशाच्या कोणत्याही टोकाहून निघालेली मालमोटार चार-सहा दिवसांत आपल्याकडे येऊ शकते. मग पंचवीस दिवस कशाचे?

पहिला मुक्काम असा असतो की जो गिऱ्हाइकाला दिसतच नाही. जाहिरातीत फोटो आहे तो गिअरबॉक्स पुष्कळदा अजून गाडीतच असतो. विक्रेत्याच्या वाड्यात अपघातातली गाडी उभी आहे. तिचे दार, दिवे, गिअरबॉक्स सगळ्यांची जाहिरात एकदम लागते. ऑर्डर आली की मग खाली जॅक लागतो. कधी ती गाडी त्याच्या वाड्यातही नसते. तो नुसता मध्यस्थ असतो, आणि आपले पैसे आल्यावर भाग शोधायला निघतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला एकच गोष्ट मागावी: “भाग खोलून जमिनीवर ठेवा, शेजारी आजच्या तारखेचा कागद ठेवा, आणि चारी बाजूंनी व्हिडिओ पाठवा.” ज्याच्याकडे भाग आहे तो दहा मिनिटांत पाठवितो. ज्याच्याकडे नाही तो कारणे सांगतो, आणि ती कारणे आपल्याला मुक्कामाचा हिशोब सांगतात.

त्याच व्हिडिओत भागावरचा नंबर दिसला पाहिजे. गाडीचे नाव सांगून भाग मागविणे म्हणजे “आमच्या गल्लीतले देशमुख” असे पाकिटावर लिहिण्यासारखे आहे. एकाच नावाची गाडी कंपनी दर दोन-चार वर्षांनी आतून बदलते. डायनामो, सेल्फ, डिझेल पंप, इंजिनचा कॉम्प्युटर या प्रत्येकावर कंपनीचा नंबर असतो. आपल्या जुन्या भागावरचा नंबर कापडाने पुसून वाचावा आणि तो अक्षरन् अक्षर जुळवावा. जोडीला गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर जवळ ठेवावा. चुकीचा भाग येणे हादेखील उशीरच आहे, आणि तो दुप्पट उशीर आहे. कारण माल परत जाऊन पुन्हा यावा लागतो. आजकालच्या गाड्यांत आणखी एक मेख आहे. इंजिनचा कॉम्प्युटर चावीशी बांधलेला असतो. दुसऱ्या गाडीतला आणून नुसता बसविला तर गाडी चालूच होत नाही. अनेक डिझेल गाड्यांत नोझलवर छापलेला सांकेतिक क्रमांकही त्या कॉम्प्युटरला कळवावा लागतो. हे काम आपला मिस्त्री करू शकतो की नाही, हे ऑर्डर देण्याच्या आधी त्याला विचारावे. पुष्कळ गाड्या भाग येऊनही पंधरा दिवस उभ्या राहतात त्या याच कारणाने.

काय जुने घ्यावे आणि काय घेऊ नये, याबद्दल माझा आग्रह कडक आहे. दार, बॉनेट, काच, दिवे, आरसे, डायनामो, गिअरबॉक्स हे तपासून खुशाल घ्या. ब्रेकचे पॅड व रबरी नळ्या, स्टिअरिंगचे सांधे, टायमिंग बेल्ट, सीट बेल्ट आणि एअरबॅग हे मात्र जुने कधीही घेऊ नका. एअरबॅग स्फोटक द्रव्याने फुगते. विमानाने जाणाऱ्या पार्सलात ती धोकादायक माल म्हणून धरली जाते. प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या चालकाने पाचशे रुपये वाचविण्यासाठी ब्रेकशी खेळू नये. संघटनेच्या सभेत हे मी बोललो तेव्हा मागून कोणी म्हणाले, “मालक नवे देत नाही, भाऊ.” त्याचे म्हणणे खरे होते. त्या गाडीच्या मालकाकडे आम्ही गेलो. ती गोष्ट वेगळी.

आता वजनाकडे वळतो, कारण उशिराचे एक मोठे कारण वजनाच्या भांडणात दडलेले असते. एका शिक्षकाने आपल्या घरच्या गाडीसाठी मागील बंपर मागविला. बंपर प्लास्टिकचा, उचलला तर चार-पाच किलो. विक्रेत्याने पाच किलोचे भाडे धरून किंमत सांगितली, आणि पार्सल कुरिअरच्या काट्यावर अडले. का? कुरिअरवाला नुसते वजन पाहत नाही. माल गाडीत किती जागा खातो तेही पाहतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणतात आणि साधारणतः ५,००० ने भागतात. काही कंपन्या वेगळा आकडा धरतात. बंपरचा खोका १५० बाय ५० बाय ४० धरा. गुणाकार ३,००,०००, भागिले ५,०००, उत्तर ६०. म्हणजे पाच किलोच्या बंपरला साठ किलोचे भाडे! विक्रेता म्हणतो फरक गिऱ्हाइकाने द्यावा, गिऱ्हाईक म्हणतो ठरल्यात बसवा, आणि बंपर कोपऱ्यात उभा. उलट गिअरबॉक्स आकाराने लहान आणि वजनाने भारी. त्यात तेल राहिले असेल तर कुरिअर तो घेतच नाही, कारण गळती लागली की शेजारच्या साऱ्या पार्सलांचा नाश. तेल काढून, तोंडे बंद करून, लाकडी चौकटीत बांधून तो ट्रान्सपोर्टने पाठवावा लागतो. भाडे कोण देणार, कोणत्या वजनावर देणार आणि बांधणी कशी असेल, हे आधी ठरले तर हे सगळे भांडण जन्मालाच येत नाही.

बिल घ्यावे की नाही? विक्रेता हळूच म्हणतो, “बिल नको असेल तर कमी करतो.” २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जी. एस. टी. आहे, तेव्हा मोह होतो हे मी समजतो. पण माल परराज्यातून येणार आणि किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिलाशिवाय मालमोटार वाटेत अडविली जाऊ शकते, आणि ई-वे बिल पक्क्या बिलावाचून निघत नाही. जुन्या इंजिनाच्या बाबतीत हे नेहमी घडते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. उत्तर प्रदेशात मेरठच्या सोतीगंज बाजारात वर्षानुवर्षे चोरीच्या गाड्या खोलल्या जात. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे वाटण्याजोगे कारण असून घेतला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बिल नाही, नंबर घासलेला आहे आणि किंमत निम्मी आहे, अशा वेळी “मला काय माहीत” हे उत्तर टिकत नाही. २०२१ च्या नियमांनी गाड्या मोडीत काढण्यासाठी नोंदणीकृत केंद्रे निघाली आहेत. तेथून आलेल्या मालाच्या पाठीशी निदान गाडी रीतसर मोडल्याचा कागद असतो.

आता आमच्या टॅव्हेरावाल्याकडे परत येऊ. बाविसाव्या दिवशी तो माझ्याकडे आला. तोपर्यंत तो आणि त्याचा मुलगा रोज उत्तरेकडे फोन करीत होते. विक्रेता पहिल्यांदा “उद्या निघेल” म्हणे, मग “निघाला” म्हणे, आणि मग फोन उचलेना. मी विचारले, “बिल्टी कुठे आहे?” तो म्हणाला, “बिल्टी कशाची?”

येथे थोडे थांबतो, कारण श्रोत्यांत व्यापारी मंडळींखेरीज बिल्टी माहीत असणारे थोडे असतील. ट्रान्सपोर्ट कंपनी माल ताब्यात घेते तेव्हा जी पावती देते ती बिल्टी. तिच्यावर नंबर, तारीख, नग, वजन, पाठविणारा, घेणारा आणि भाडे भरले की भरायचे हे सारे लिहिलेले असते. कुरिअर घरी येते. ट्रान्सपोर्टचा माल बहुधा गोदामात येतो आणि बिल्टी दाखवून आपण तो सोडवून आणायचा असतो. दिवस गेले तर गोदामभाडे चढते. मजुराला हजेरीपट जसा, तसा मालाला बिल्टी. ती नसेल तर माल आहे आणि नाहीही.

आम्ही नोटीस लिहिली आणि रजिस्टर पोस्टाने, शिवाय मोबाईलवरही पाठविली. दुसऱ्या दिवशी नोटिशीच्या उत्तरात बिल्टीचा फोटो आला. बुकिंग सातव्या दिवशी. माल नागपुरात पोचला अकराव्या दिवशी. तेव्हापासून तो वाडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात एका गोदामात पडून होता! माझ्या कार्यालयापासून सायकलने पाऊण तासाची वाट. बिल्टीवर घेणाऱ्याच्या फोन नंबरातला एक आकडा चुकला होता. गोदामाचा कारकून भलत्याच माणसाला फोन करून करून दमला होता. चोविसाव्या दिवशी आम्ही गोदामभाडे भरून, दोन हमाल लावून तो नग टेम्पोत चढविला. हे दोघे बापलेक दिल्लीकडे तोंड करून बसले होते आणि माल त्यांच्या पाठीमागे अमरावती रोडवर होता.

म्हणून माल निघाल्याचे शब्द ऐकू नका, बिल्टीचा फोटो मागा. त्याच दिवशी नंबर, नाव आणि फोन वाचून पाहा. ट्रान्सपोर्टच्या नागपूर शाखेचा फोन घ्या आणि तिसऱ्या दिवसापासून विक्रेत्याला नव्हे, त्या शाखेला विचारा.

गिअरबॉक्स बसला, गाडी चालू झाली. मग त्याने विचारले, “भाऊ, माझ्या बुडालेल्या दिवसांचे काय?” ठरल्याहून सोळा दिवस अधिक गेले होते. लग्नसराईत खर्च वजा जाता रोजचे दीड हजार त्याच्या पदरात पडत. सोळा गुणिले दीड हजार म्हणजे २४,००० रुपये. गिअरबॉक्सच्या किमतीहून जास्त! हे पैसे कोणी द्यायचे?

या प्रश्नाचे उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका गिरणीत सापडते, हे मला फार उशिरा कळले. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी हॅडले यांची वाफेवर चालणारी पिठाची गिरणी होती. १८५३ साली तिच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट मोडला. नवा शाफ्ट ग्रीनिचच्या कारखान्यातून करून घ्यायचा, आणि त्यासाठी मोडका शाफ्ट नमुना म्हणून तिकडे पाठवायचा होता. वाहतूक कंपनीने तो पोचवायला दिवस लावले. तेवढे दिवस गिरणी बंद राहिली. हॅडले यांनी बुडालेला नफा मागितला. १८५४ मध्ये न्यायालयाने तो नाकारला. कारण काय? गिरणी या एका शाफ्टावाचून बंद पडली आहे, ही गोष्ट वाहतूकदाराला ठाऊक होती असे न्यायालयाने धरले नाही. गिरणीवाल्याकडे दुसरा शाफ्ट असेल, असे तो समजू शकत होता.

पुढे १८७२ चा आपला करार कायदा झाला. त्याच्या कलम ७३ मध्ये हेच तत्त्व आहे, आणि त्याखाली कायदा करणाऱ्यांनी एक उदाहरण घातले आहे, जे मी आमच्या चालकांना वाचून दाखवितो. एकजण आपल्या गिरणीचे यंत्र वाहतूकदाराकडे देतो आणि सांगतो की या यंत्रावाचून माझी गिरणी बंद आहे. वाहतूकदार विनाकारण उशीर लावतो. त्यामुळे गिरणीवाल्याच्या हातचे सरकारी कंत्राटही जाते. अशा वेळी त्याला बंद दिवसांचा सरासरी नफा मिळेल. कंत्राटाचे नुकसान मिळणार नाही. दोन्ही गिरण्या बंदच, दोन्ही माल उशिराच. फरक एका वाक्याचा: पहिल्यात सांगितलेले शाबीत नव्हते, दुसऱ्यात सांगितले होते.

आमच्या माणसानेही सांगितले होते, पण फोनवर. ते शाबीत कसे करणार? विक्रेत्याशी बोलणी करून ३,००० रुपये परत मिळाले, आणि त्यावर आम्ही मिटविले. ही तडजोड मला आजही टोचते.

तक्रार कोठे करावी, हे आता थोडक्यात सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून टप्प्याने लागू झाला. त्यात ऑनलाइन खरेदी स्पष्टपणे धरली आहे, आणि आपण जेथे राहतो वा काम करतो तेथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी दिल्लीला जावे लागत नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. चालकांना हमखास एक अडथळा दाखविला जातो: “तुम्ही धंद्यासाठी भाग घेतला, तुम्ही ग्राहक नाही.” हे खोटे आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच खरेदी आहे, आणि स्वतः चालविण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात समजावून सांगितले आहे. दहा गाड्या पगारी चालकांकडून चालविणाऱ्या मालकाची गोष्ट वेगळी.

याच्या जोडीला जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. मोठ्या संकेतस्थळावर विकणाऱ्याने सांगितलेल्या तारखेनंतर माल दिला तर तो परत घेण्यास वा पैसे देण्यास त्याला नकार देता येत नाही. अपवाद फक्त माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीचा. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण करायचे असते. परंतु लक्षात घ्या, नियमात शब्द आहेत ते सांगितलेल्या तारखेचे. “लवकरच”, “चार-पाच दिवसांत बघू” ही तारीख नव्हे. आणि जेथे संकेतस्थळ नुसती ओळख करून देते व पैसे आपण थेट विक्रेत्याच्या नंबरवर पाठवितो, तेथे आपल्या हाती विक्रेताच उरतो. त्याचे नाव, पत्ता आणि बिल नसेल तर तोही उरत नाही. शक्यतो अर्धे पैसे बिल्टीनंतर द्यावेत. माल मुळातच नव्हता, ही उघड फसवणूक आहे असे कळले तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर कळवावे. उशिराच्या साध्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

हाताबाहेरच्या आपत्तीवरून आठवले. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवशी मालमोटार चालकांनी नव्या कायद्यातल्या अपघाताच्या कलमाविरुद्ध चाक बंद केले होते. आपल्या पेट्रोल पंपांवरच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. ते दोन दिवस कोणत्याही विक्रेत्याला माफ. पण एका विक्रेत्याने त्या संपाचे कारण फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत सांगितले! संप आम्ही करतो, त्यामुळे त्याची लांबी आम्हाला बरोबर मोजता येते.

शेवटचा मुक्काम आपल्या दाराशी असतो. मोबाईलवर अक्षरे उमटतात, “ग्राहक उपलब्ध नाही”, आणि आपण तर दिवसभर घरीच असतो. मग दुसऱ्या दिवशी आलेल्या पोरावर आपण तुटून पडतो. तो पोरगा पार्सलमागे पैसे घेणारा असतो. पिशवीत नग जास्त, ऊन पंचेचाळीस अंशांचे, आणि आपल्या नागपूरचे पत्ते कसे, तर प्लॉट नंबर अमुक, तमुक ले-आऊट. त्याच नावाची नगरे गावात दोन-तीन. संध्याकाळी उरलेल्या नगापुढे त्याला काहीतरी कारण दाबावेच लागते. तारीख त्याने ठरविलेली नसते. त्याच्यावर ओरडून आपला गिअरबॉक्स एक तासही अलीकडे येत नाही. पत्त्यात गॅरेजचे नाव, जवळची खूण आणि मिस्त्रीचा दुसरा फोन द्यावा. खोटा शेरा दिसला तर त्याच दिवशी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. नग हातात येण्यापूर्वी ओ. टी. पी. सांगू नये; आणि खोका उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून व्हिडिओ काढावा. ट्रान्सपोर्टने आलेला माल फुटलेला वा हरवलेला असेल तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, तीशिवाय दावा चालत नाही.

टॅव्हेरा अजून चालते आहे. मागच्या पावसाळ्यात तिचा डायनामो गेला. यावेळी आमच्या सभासदाने ऑर्डर देण्यापूर्वी मुलाकडून विक्रेत्याला मोबाईलवर मजकूर पाठविला आणि उत्तरात “ठीक है” आल्यावरच अर्धे पैसे सोडले. तो मजकूर मी त्याच्याकडून उतरवून घेतला आहे. “हा डायनामो नसल्याने माझी भाड्याची गाडी उभी आहे. रोज दीड हजार बुडतात. माल अमुक तारखेच्या आत नागपूरला मिळाला पाहिजे. त्यानंतर नको, पैसे परत करावेत. जमत असेल तरच हो म्हणा.” डायनामो पाचव्या दिवशी आला.